गुंडाविरुद्धच्या तक्रारीवर सही कोण करणार?

पूर्व_नागपूरकर (धागाकर्ता)

नागपुरातल्या गुंडगिरीवर चर्चा निघाली की ती ठरलेल्या दोन वाटांनी जाते. एक पक्ष म्हणतो की लोकांतच दम उरलेला नाही, डोळ्यांदेखत घडलेले सांगायलाही कोणी पुढे येत नाही. दुसरा पक्ष पोलिसांना शिव्या घालून मोकळा होतो. मला या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. तक्रारदाराचे धैर्य ठाण्यातल्या पहिल्या अर्ध्या तासात टिकते किंवा मोडते, आणि तो अर्धा तास कसा जाणार हे त्या ठाण्याला वरून कशाचा हिशेब मागितला जातो यावर ठरते, असे माझे मत आहे.

निमित्त आमच्या ले-आउटमधील एका निवृत्त शिक्षकांच्या प्लॉटचे आहे. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो. शहराच्या कडेच्या शेतजमिनींवर गृहनिर्माण सोसायट्यांनी मंजुरीविना ले-आउट पाडले, नोकरदारांनी पोटाला चिमटा काढून प्लॉट घेतले आणि पुढे सुधार प्रन्यासकडून त्यांचे नियमितीकरण होत गेले. ‘५७२’ आणि ‘१९००’ हे आकडे उच्चारले की नागपूरकराला ले-आउटच आठवतात, आणि प्लॉट ‘आर.एल.’चा, म्हणजे नियमित झालेला आहे का, ही चौकशी सोयरीक जुळवतानाही होते. विक्रीपत्र एकाचे, सातबाऱ्यावर अजून मूळ शेतकऱ्याचे नाव आणि जागेवर नुसते गवत, अशा अवस्थेत अनेक प्लॉट वर्षानुवर्षे पडून राहिले. टोळ्यांचा धंदा याच फटीत चालतो. मूळ मालकाच्या एखाद्या वारसाला गाठायचे, त्याच्याकडून नवे आममुखत्यारपत्र करून घ्यायचे, एका रात्रीत टिनाचे शेड ठोकून त्यात एक कुटुंब बसवायचे, आणि खऱ्या मालकाला निरोप धाडायचा की पाव किमतीत विकून टाका, नाहीतर जागा रिकामी करून हवी असेल तर एवढे मोजा.

सरांच्या बाबतीत हेच झाले. विक्रीपत्र, कराच्या पावत्या, प्रन्यासचे पत्र असे सगळे फाइलला लावून त्यांनी ठाणे गाठले. तिथल्या अंमलदाराने फाइल न उघडताच ‘हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा’ असे सांगितले आणि बऱ्याच विनवण्यांनंतर धमकीची तेवढी एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतली. त्या वेळी समोरच्या चौकात हेल्मेटची मोहीम चालू होती आणि त्यासाठी अधिकाऱ्यासह पुरेसे मनुष्यबळ होते. प्लॉटवर जाऊन पाहायला मात्र एक शिपाई मिळाला नाही. त्यापुढचा प्रकार मला अधिक बोचला. काही दिवसांनी सरांच्याच हाती नोटीस पडली की आपल्याकडून शांततेचा भंग होण्याचा संभव आहे, तरी शांतता राखण्याचे बंधपत्र आपल्याकडून का घेऊ नये याचे कारण दाखवावे. तशीच नोटीस शेड ठोकणाऱ्यालाही गेली होती. सरांनी ती घरात दाखवली नव्हती. चारपदरी घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवली होती, आणि मला दाखवताना आधी दार लोटून घेतले.

अशा माणसाला ‘घाबरू नका, आम्ही आहोत’ हे कोणत्या तोंडाने सांगावे, हा माझा प्रश्न आहे.


निवृत्त_अंमलदार

नोटीस दोघांनाही का गेली हे मी सांगू शकतो, कारण अशा नोटिसा मी स्वतः बजावल्या आहेत. महिन्याच्या गुन्हे आढावा बैठकीत ठाणेदाराला विचारले जाते की प्रतिबंधक कारवाया किती केल्या. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली (जुने १०७) दोन्ही बाजूंना नोटीस काढली की एका भांडणातून दोन कारवाया तक्त्यात भरता येतात. याउलट खंडणीचा गुन्हा नोंदवला तर त्याच बैठकीत ‘तुमच्या हद्दीत खंडणी वाढली कशी?’ असे विचारतात. म्हणजे जो दडवतो त्याची हद्द शांत दिसते आणि जो नोंदवतो त्याची बिघडलेली दिसते. यात ठाणेदार विकला गेलेलाच असतो असे नाही. प्रामाणिक अधिकारीही दोन-तीन बैठकांत शहाणा होतो.

दुसरी गोष्ट माणसांची. नागपुरात पोलीस शिपायाचे वर्ष बंदोबस्तात जाते. १९५३ च्या नागपूर कराराने विधिमंडळाचे एक अधिवेशन आपल्याकडे आले, त्यामुळे हिवाळ्यात मोर्चे अडवण्यासाठी तपासी अंमलदारसुद्धा कठड्याला उभे असतात. त्याशिवाय मारबत, दीक्षाभूमी, ताजबागचा उरूस, जामठ्याचा क्रिकेट सामना हे आहेच. गृहखाते २०१४ ते २०१९ आणि पुन्हा २०२२ पासून देवेंद्र फडणवीसांकडे, मधला काही काळ काटोलच्या अनिल देशमुखांकडे, म्हणजे घरचाच गृहमंत्री. त्याचे फायदे शहराला झाले असतील, पण दौऱ्यांचा बंदोबस्तही शहराच्याच वाट्याला आला. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी तपासाचे काम कायदा-सुव्यवस्थेपासून वेगळे करण्यास सांगितले होते. मी निवृत्त झालो तेव्हाही आमच्या ठाण्यात दोन्ही कामे एकाच माणसाच्या डोक्यावर होती.

हेल्मेटची मात्र टिंगल करू नये. वर्धा रोडवरच्या अपघातांचे पंचनामे ज्याने केले आहेत, तो ती करणार नाही. अडचण अशी आहे की चालानाचा आकडा संध्याकाळी तयार असतो, आणि टोळीचा तपास पुरा होईपर्यंत अधिकाऱ्याची बदली होऊन जाते.


रोखठोक_नागपुरी

एवढे कायदे आणि बैठका कशाला पाहिजेत? दोन-चार सराईतांचा रस्त्यावरच निकाल लावला आणि उरलेल्यांना तडीपार केले, की शहर आपोआप सरळ होईल. लोकांना तेच हवे आहे.


दिवाणी_फौजदारी

पेशाने वकील आहे, जिल्हा न्यायालयात काम करतो. रोखठोक यांना तडीपारीपुरते उत्तर देतो. पहिल्या सूचनेवर वकिलाचे उत्तर काय असणार हे त्यांनाही ठाऊक आहे.

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५६ खाली एखाद्याला जास्तीत जास्त दोन वर्षे हद्दपार करता येते. या कलमात एक अट आहे, ती वाचण्यासारखी आहे : जीविताच्या किंवा मालमत्तेच्या भीतीमुळे साक्षीदार त्याच्याविरुद्ध उघडपणे साक्ष द्यायला तयार नाहीत, असे अधिकाऱ्याचे मत झाले पाहिजे. म्हणजे लोक घाबरतात हे १९५१ च्या कायद्याने गृहीतच धरले आहे. पण यातून होते असे की साक्षीदाराला निर्भय करण्याऐवजी गुंडालाच काही काळ शेजारच्या जिल्ह्यात पाठवले जाते. तिथल्या नातेवाइकाकडे तो राहतो आणि फोनवरून इथली वसुली चालवतो. सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ साली, जालन्याच्या दीपक डोंगरे प्रकरणात, हद्दपारी हा अपवादात्मक उपाय आहे आणि तो जपून वापरावा असे सांगून आदेश रद्द केला होता. घाईने भरलेला तक्ता न्यायालयात टिकत नाही.

आता एनसीकडे वळू. वरवर ती किरकोळ बाब वाटते, परंतु टोळीविरुद्धचा सगळा कायदा तिथेच अडतो. १९९९ चा मोक्का, म्हणजे महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा, लावायचा तर मागील १० वर्षांत टोळीच्या कारवायांबद्दल एकापेक्षा अधिक दोषारोपपत्रे दाखल होऊन न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली असावी लागते, आणि ते गुन्हे तीन किंवा अधिक वर्षांच्या शिक्षेचे असावे लागतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या कलम १११ मध्ये संघटित गुन्हेगारीची व्याख्या आली आहे, आणि त्यात खंडणीबरोबर जमीन बळकावण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. पण दोषारोपपत्रांची अट तिथेही आहेच. एनसीत दोषारोपपत्र नसते. त्यामुळे एखाद्याने अख्खा ले-आउट लुबाडला आणि प्रत्येक वेळी एनसीच लिहिली गेली, तर कागदोपत्री तो धुतल्या तांदळासारखा राहतो आणि त्याच्यावर मोक्का का लागत नाही म्हणून आपण वर्तमानपत्रांत पत्रे लिहीत बसतो.

‘हा दिवाणी वाद आहे’ हे वाक्य नागपूरच्या ठाण्यांत फार स्वस्त झाले आहे. एकाच घटनेतून दिवाणी दावा आणि फौजदारी गुन्हा असे दोन्ही निघू शकतात. पैसे दिल्याशिवाय जागा सोडणार नाही अशी धमकी देऊन कोणी पैसे उकळले असतील तर ती खंडणी आहे आणि न्याय संहितेच्या कलम ३०८ मध्ये तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर तो नोंदवणे बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी प्रकरणात घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सांगितले आहे. ठाण्याने नकार दिला तर तक्रार लेखी स्वरूपात टपालाने पोलीस उपायुक्तांकडे पाठवावी आणि तिथेही काही झाले नाही तर शपथपत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे जावे. याशिवाय जबरदस्तीने ताबा काढून घेतला असेल, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावला पाहिजे. त्या दाव्यात मालकीचा किचकट वाद न उकरता ताबा परत मागता येतो. पोलिसांच्या मागे धावताना लोकांची ही मुदत निघून जाते, आणि टोळीला नेमके तेच हवे असते. सरांनी आधी ही तारीख मोजावी.


जरीपटका_ताई

धैर्याचा विषय निघाला आणि अजून कोणी कस्तुरबा नगरचे नाव काढले नाही, याचे आश्चर्य वाटते. १३ ऑगस्ट २००४ रोजी तिथला गुंड अक्कू यादव याला सुनावणीसाठी जिल्हा न्यायालयात आणलेले असताना वस्तीतल्या महिलांच्या जमावाने त्याला तिथेच ठार केले. बाहेरगावचे लोक ही गोष्ट आजही शौर्यकथा म्हणून सांगतात. मी त्याच भागात वाढले आणि मला ती तशी ऐकवत नाही.

त्या दिवसाआधीची वर्षे कोणी सांगत नाही. बलात्कार, खंडणी, घरात घुसून मारहाण हे सगळे चालू असताना बाया ठाण्यात जात होत्या. तक्रार करणाऱ्या बाईचे नाव ठाण्यातून त्याच्यापर्यंत पोहोचत असे, असा आरोप वस्तीतल्या महिलांनी तेव्हा उघडपणे केला होता. माझ्या मते खरे धैर्य एकटीने ठाण्याची पायरी चढणाऱ्या त्या बायांचे होते, आणि ते वाया घालवले गेले. पुढे न्यायालयात जे घडले, त्यात व्यवस्थेची अब्रू गेली. २०१४ मध्ये त्या खटल्यातील आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले, म्हणजे तिथेही साक्ष द्यायला कोणी उभे राहिले नाही. एका खटल्यात लोक भीतीने गप्प राहिले आणि दुसऱ्यात आपुलकीने, आणि दोन्हीकडे न्यायालयापर्यंत सत्य पोहोचले नाही. रोखठोक दादा, ‘लोकांना तेच हवे आहे’ असे लिहिण्याआधी हे एकदा पाहा. कोणत्याही बाईला ते नको होते. तिला गुन्हा नोंदवून हवा होता.

प्राधान्याचे म्हणाल तर ऑगस्ट २०२१ मध्ये पोलीस आयुक्तांच्या आदेशाने गंगाजमुना ही देहविक्रीची वस्ती बंद झाली तेव्हा कठडे आणि शिपाई कमी पडले नाहीत. दलाल आणि अल्पवयीन मुलींना आणणारे पकडावेत याबद्दल दुमत नाही. परंतु सज्ञान बायांच्या दारासमोर रात्रंदिवस पहारा लावणे सोपे असते, आणि त्यांच्यावर पैसा कमावणाऱ्या माणसापर्यंत जाणे अवघड असते.


इतवारीचा_व्यापारी

कोणाला आवडणार नाही, तरी व्यापाऱ्याचा हिशेब मांडतो. गल्लीतला माणूस महिन्याला जी रक्कम नेतो, ती दुकानाच्या खर्चात चहापाण्याच्या नावाखाली बसून जाते. तक्रार केली तर वेगळाच खर्च सुरू होतो. जबाबासाठी बोलावणे येते, ओळख परेडला जावे लागते, पुढे काही वर्षांनी साक्षीचे समन्स येते, त्या तारखेला दुकान बंद ठेवून दिवसभर थांबावे लागते आणि संध्याकाळी पुढची तारीख मिळते. तोपर्यंत तो जामिनावर सुटून रोज दुकानासमोर पान खात उभा असतो. काही करत नाही, नुसता उभा असतो. माझ्या नोकराने त्यामुळे काम सोडले. हे सहन करायला धैर्य लागतेच, पण त्याहून जास्त फुरसत लागते, आणि ती धंद्याच्या माणसाकडे नसते.

पोलिसांनी मला संरक्षण द्यावे अशी माझी अपेक्षा नाही. मी तक्रार दिली हे दुपारपर्यंत सगळ्या बाजाराला कळू नये, एवढे झाले तरी पुष्कळ.


मूळ_नागपूर_सध्या_पुणे

इतवारीच्या दादांचा हिशेब बरोबर आहे आणि तोच जगभरचा आहे. सिसिलीतील पालेर्मोमध्ये लिबेरो ग्रासी नावाचे कापड उद्योजक होते. १० जानेवारी १९९१ रोजी त्यांनी तिथल्या दैनिकात खंडणीखोराला उद्देशून पत्र छापले की मी पैसे देणार नाही. शहरातल्या इतर उद्योजकांनी त्यांना साथ देण्याऐवजी, कशाला बोभाटा करायचा, असा सूर लावला. २९ ऑगस्टला त्यांची घराजवळ हत्या झाली. त्याच बेटावरच्या कापो द’ऑर्लांदो या छोट्या गावात मात्र दुकानदारांनी संघटना बांधली, मिळून तक्रारी दिल्या, न्यायालयात एकत्र जाऊन साक्षी दिल्या, आणि खंडणीखोरांना शिक्षा झाल्या. एकटे ग्रासी या दुकानदारांपेक्षा कमी शूर नव्हते. गुंडाला एक नाव पुसून टाकता येते; अख्ख्या बाजारपेठेची यादी पुसणे त्याला परवडत नाही. पुढे इटलीने खंडणीपीडितांसाठी सरकारी निधी उभारला, कारण दुकान जळाले तर ते कोण उभे करून देणार, हा प्रश्न तक्रारदाराला पहिल्या दिवसापासून सतावत असतो. आपल्याकडे या निधीचा विचारसुद्धा कानावर येत नाही.

आपल्याकडची उदाहरणे आठवली की मन खट्टू होते. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमिनींचे व्यवहार माहिती अधिकारातून उघड करत होते आणि त्यांनी पोलीस संरक्षण मागितले होते. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी त्यांची हत्या झाली. पुढच्याच वर्षी २५ जानेवारीला मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलभेसळ करणाऱ्यांनी जाळले. जिथे अपर जिल्हाधिकारी सुरक्षित नव्हते, तिथे निवृत्त शिक्षकाकडून छातीचा कोट करण्याची अपेक्षा ठेवणे मला क्रूरपणाचे वाटते.


निवृत्त_अंमलदार

पुणेकरांशी सहमत आहे, पण साक्षीदाराला काहीच आधार नाही असे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी महेंद्र चावला प्रकरणात साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती असते आणि अर्ज आल्यावर पोलिसांकडून धोक्याचा अहवाल पाच कामकाजी दिवसांत मागवला जातो. तारखेला सोबत पोलीस देणे, घराला कॅमेरा बसवणे, बंद दालनात साक्ष घेणे असे उपाय त्यात आहेत. संरक्षण एका वेळी तीन महिन्यांपर्यंतचे असते, म्हणून पुन्हा अर्ज करावा लागतो. आमच्या काळात ठाण्यातल्या कोणत्याही फलकावर ही माहिती मी पाहिली नाही. आढावा बैठकीतही ‘किती साक्षीदार फितूर झाले आणि का?’ हा प्रश्न कधी आला नाही. तो रकाना तक्त्यात घातला तर ठाणेदार आपणहून साक्षीदाराच्या घरी जातील, हे मी अनुभवाने सांगतो.


रोखठोक_नागपुरी

ताईंचा मुद्दा मान्य आहे. तरी शेडमध्ये बसलेला माणूस ही सगळी कागदपत्रे पूर्ण होईपर्यंत तिथे स्लॅब टाकेल, हेही लक्षात घ्या. त्यावर तुमच्याकडे काय उपाय आहे?


पूर्व_नागपूरकर (धागाकर्ता)

वकीलसाहेबांचा सहा महिन्यांचा मुद्दा वाचल्याबरोबर सरांना फोन केला. मुदत अजून शिल्लक आहे. दाव्याबरोबरच मनाईहुकुमाचा अर्ज देत आहोत, त्यामुळे रोखठोक यांची शंका बहुतांशी मिटावी.

काल ले-आउटमधील लोकांची बैठक झाली. सर बोलायला उभे राहिले आणि त्यांनी ती नोटीस सगळ्यांसमोर वाचून दाखवली. त्यानंतर मागच्या रांगेतील एका गृहस्थांनी सांगितले की याच टोळीला आपण पैसे देऊन प्लॉट सोडवला आहे, आणि बायकोशिवाय हे कोणालाही ठाऊक नव्हते. मग आणखी काही जण बोलू लागले. प्रत्येकाला वाटत होते की फसलेले आपण एकटेच आहोत. बहुतेकांची सही करण्याची तयारी आहे, पण कोणाचे नाव पहिले असावे यावर गाडी अडली आहे. सगळ्यांचा मिळून एकच संयुक्त अर्ज द्यावा, की प्रत्येकाने वेगळा द्यावा?


दिवाणी_फौजदारी

वेगवेगळे द्या. संयुक्त अर्जाची एक चौकशी होते, एक जावक क्रमांक पडतो आणि तो एकाच फाइलमध्ये बंद होतो. प्रत्येकाकडून वेगळ्या दिवशी, वेगळ्या प्लॉटसाठी पैसे घेतले असतील तर प्रत्येक घटना हा स्वतंत्र गुन्हा आहे, त्यातून स्वतंत्र दोषारोपपत्र निघू शकते, आणि वर सांगितलेली मोक्काची किंवा कलम १११ ची अट याच मार्गाने पूर्ण होते. यामुळे पहिल्या नावाचा प्रश्नही उरत नाही. मात्र ठाण्यात सगळ्यांनी एकाच वेळी जावे, प्रत्येक अर्जाची पोच शिक्क्यासह घ्यावी आणि प्रती त्याच दिवशी उपायुक्तांना टपालाने पाठवाव्यात. ज्यांना धमकीचे फोन आले आहेत त्यांनी फोनमधील नोंदी पुसू नयेत, आणि साक्षीदार संरक्षणाचा अर्जही सोबतच तयार ठेवावा.

सरांना आलेल्या नोटिशीचे उत्तर आधी द्यावे लागेल. तिची तारीख चुकवू नका. विक्रीपत्राची प्रमाणित प्रत आणि सातबारा घेऊन त्यांना सोमवारी अकराच्या आत पाठवा, त्यानंतर मी न्यायदालनात असतो.